अमेरिकेची उन्हाळी सुट्टी शेतातून आली नाही

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मुलांना घेऊन मायदेशी येतात ती बहुधा जून-जुलैत. इथे तेव्हा पाऊस लागलेला असतो, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि आते-मामेभावंडे दप्तर पाठीला लावून सकाळीच निघून गेलेली असतात. दोन्हीकडच्या सुट्ट्या जुळत नाहीत. तिकडची सुट्टी जून ते ऑगस्ट अशी का, असे विचारले की एक तयार उत्तर मिळते : पूर्वी तिथे बहुतेक लोक शेतकरी होते, उन्हाळ्यात मुले शेतावर लागत, म्हणून शाळा बंद ठेवत.

हे उत्तर अमेरिकेतही घरोघरी ठाऊक आहे. तिथे गेले शतकभर एक वाद अधूनमधून उफाळतो : शाळा बारमाही असावी, की अडीच महिन्यांच्या सुट्टीची पारंपरिक पद्धत ठेवावी? बारमाही शाळेचे समर्थक म्हणतात, शेती गेली, मग शेतीसाठी केलेले वेळापत्रक कशाला? विरोधक म्हणतात, पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत मोडू नका. गंमत अशी की दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर विसंबतात, आणि कागदपत्रांपुढे ती गोष्ट टिकत नाही. या धाग्यात तिचाच शोध घेऊ.

आधी शेताचा हिशेब मांडून पाहा. अमेरिकेच्या उत्तर आणि मध्य भागांत नांगरणी-पेरणी वसंत ऋतूत, साधारण एप्रिल-मेमध्ये होते. मका, बटाटे, सफरचंदे यांची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. घरातला प्रत्येक हात लागतो तो या दोन वेळी. सुट्टी खरोखर शेतकऱ्याने ठरवली असती तर ती वसंतात आणि शरदात पडली असती.

आणि जिथे त्याने ठरवली, तिथे ती तशीच पडत होती. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामीण अमेरिकेतील शाळा दोन सत्रांत भरे. हिवाळी सत्र साधारण डिसेंबर ते मार्च, उन्हाळी सत्र मे ते ऑगस्ट. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत शाळा बंद. म्हणजे ज्या महिन्यांत आज अमेरिकन मूल हमखास घरी असते, नेमक्या त्याच महिन्यांत खेड्यातली शाळा चालू असे.

या दोन सत्रांचे चेहरे मात्र वेगळे होते. हिवाळ्यात जमीन गोठलेली, कामे थंडावलेली. तेव्हा वयाने मोठे मुलगे शाळेत येत आणि त्यांना आवरायला बहुधा पुरुष शिक्षक नेमला जाई. उन्हाळी सत्रात लहान मुले आणि मुली असत, आणि शिकवायला कमी पगारावर एखादी तरुण शिक्षिका. गवताची कापणी आणि हिवाळी गव्हाची कापणी भर उन्हाळ्यात येई, हे खरेच आहे. म्हणून तर मोठे मुलगे त्या सत्रात फारसे दिसत नसत. पण त्यासाठी शाळेला टाळे लागत नसे. एका खोलीची ती शाळा. इयत्ता नाहीत, तुकड्या नाहीत. ज्याने पुस्तक जिथे सोडले तिथून तो पुन्हा सुरू करी. अशा शाळेला कामाच्या हंगामाशी जुळवून घेणे सोपे होते. अर्थात एकूण दिवस थोडेच भरत. मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांमध्ये पहिला. त्याने ८ ते १४ वर्षांच्या मुलांकडून मागितले ते वर्षाला केवळ १२ आठवडे.

आता शहरांकडे येऊ. इथे बारमाही शाळेच्या समर्थकांनाही धक्का बसेल. १८४२ मध्ये डेट्रॉईटच्या शाळांचे वर्ष २६० दिवसांचे होते. आज अमेरिकेत साधारण १८० दिवसांचे शालेय वर्ष प्रचलित आहे. म्हणजे ८० दिवस अधिक. पूर्वेकडच्या इतर मोठ्या शहरांतही शाळा तिमाहींमध्ये विभागलेल्या आणि मध्ये थोडकी विश्रांती घेत जवळजवळ वर्षभर चालत. बारमाही शाळा ही विसाव्या शतकातील सुधारकांची कल्पना नव्हे. शहरी अमेरिकेची ती जुनी वहिवाट होती.

मात्र २६० दिवस शाळा उघडी होती याचा अर्थ प्रत्येक मूल २६० दिवस बाकावर बसलेले होते असा घेऊ नये. हजेरीची सक्ती नव्हती. कामावर जाणाऱ्या आईबापांची मुले येत, मध्येच गळत, पुन्हा येत. उन्हाळ्यात तर वर्ग ओस पडत.

मग हे वर्ष आखडले कसे? १८४० च्या दशकापासून शतकअखेरपर्यंत दोन प्रवाह एकमेकांकडे सरकत गेले. शहरांनी आपले दिवस कमी केले, खेड्यांनी वाढवले, आणि दोघांची गाठ आजच्या वेळापत्रकापाशी पडली. केनेथ गोल्ड या इतिहासकाराने २००२ मध्ये उन्हाळी शिक्षणाचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला, त्यातून ही प्रक्रिया स्पष्ट दिसते. खेड्याने तडजोड केली ती आपले उन्हाळी सत्र सोडून. थोडक्यात, ज्या सुट्टीचे श्रेय शेतकऱ्याला दिले जाते, ती रूढ होताना शेतकऱ्याचेच जुने वेळापत्रक मोडले गेले.

शहरांची कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. सर्वांत उघड कारण उकाडा. विटांच्या इमारती, दाटीवाटीचे वर्ग, हवा खेळायला जागा नाही. त्यात उन्हाळा हा रोगराईचा काळ. न्यूयॉर्कमध्ये १८३२, १८४९ आणि १८६६ च्या उन्हाळ्यांत पटकीने थैमान घातले. ज्यांना परवडे ते शहर सोडून डोंगरात किंवा समुद्रकिनारी जात, आणि रेल्वे आल्यावर हे जाणे सोपे झाले. सुखवस्तू घरांची मुले उन्हाळ्यात गेली की वर्ग अर्धे रिकामे, शिक्षकाचा पगार मात्र पूर्ण. नगरपालिकांना कर भरणाऱ्यांपुढे हा खर्च समजावणे जड जाऊ लागले.

दुसरे कारण आज वाचताना हसू येते, पण त्या काळी ते गांभीर्याने मांडले जात होते. अमरायह ब्रिगहॅम या वैद्याने १८३२ मध्ये बौद्धिक परिश्रमांचा आरोग्यावर होणाऱ्या परिणामांविषयी पुस्तक लिहिले. कोवळ्या वयात मेंदूवर अतिरिक्त ताण दिला तर शरीर खालावते आणि मनही बिघडते, असा त्याचा दावा होता. हाच ब्रिगहॅम पुढे न्यूयॉर्क राज्याच्या युटिका येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होते. फार शिकल्याने वेड लागते, ही आपल्याकडच्या जुन्या घरांत ऐकू येणारी भीती तिकडे वैद्यकशास्त्राच्या भाषेत बोलत होती, एवढाच फरक.

तिसरे कारण प्रशासनाचे, आणि माझ्या मते तेच सर्वांत खोलवर रुजले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३७ पासून शिक्षण मंडळाचे सचिव असलेले होरेस मान आणि त्यांच्या पठडीतले सुधारक शाळांना एकसारखे वळण लावू पाहत होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या क्विन्सी शाळेत वयानुसार इयत्ता आणि प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली, ही रचना आली आणि पसरली. इयत्ता आल्या की सर्वांनी एकाच दिवशी सुरुवात करायला हवी, एकाच दिवशी परीक्षा द्यायला हवी, एकाच दिवशी वर चढायला हवे. मध्येच येणारे-जाणारे मूल आता नियमाला अपवाद ठरले. शिवाय शिक्षकाचा पेशा घडवायचा होता. लेक्सिंग्टन येथे १८३९ मध्ये पहिले सरकारी अध्यापक विद्यालय निघाले. पुढे कार्यरत शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षणवर्ग भरू लागले, आणि त्यासाठी त्यांना सलग मोकळा काळ हवा होता.

ही सुट्टी स्थिरावते न स्थिरावते तोच तिची दुसरी बाजू दिसू लागली. डोंगरात न जाणारी मुले होतीच. आईबाप कामावर, शाळा बंद, खेळायला रस्ता. १८६६ मध्येच बोस्टनच्या एका चर्चने अशा मुलांसाठी सुट्टीतील शाळा उघडली. नंतर इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. ज्या उन्हाळ्यातून शाळा काढून घेतली होती, त्याच उन्हाळ्यात ती मागच्या दाराने, देणगीच्या पैशाने परत आणावी लागली.

सार्वजनिक व्यवस्थेने बारमाही शाळेकडे पुन्हा वळून पाहिले ते १९०४ मध्ये. इंडियाना राज्यातील ब्लफ्टन या लहानशा गावी विल्यम वर्ट या शिक्षणाधिकाऱ्याने वर्षाचे १२-१२ आठवड्यांचे चार भाग केले. १९१२ मध्ये न्यू जर्सीतील नेवार्कने मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला. नेवार्क हे कारखान्यांचे, स्थलांतरितांचे शहर. पोरे लवकरच कामाला लागणार हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा त्याआधी त्यांना इंग्रजी यावे आणि जमतील तितक्या इयत्ता पुऱ्या व्हाव्यात, हा हेतू होता. मला या सगळ्या इतिहासात नेवार्कचा प्रयोग सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याने मुलाच्या आयुष्यातला उपलब्ध वेळ मोजला आणि शाळा त्या वेळात बसवली. तो १९३१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे चालला. महामंदीच्या तडाख्यात असे प्रयोग एकामागून एक मिटले. पेनसिल्व्हेनियातील अलिक्विप्पा या पोलादनगरीत १९२८ ते १९३८ बारमाही शाळा चालली, पण तिथले कारण निराळे होते : मुले फार, खोल्या थोड्या.

हे दुसरे कारण लक्षात ठेवा, कारण पुढची कहाणी त्याचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर वाढला, उपनगरे फुगली आणि शाळा अपुऱ्या पडू लागल्या. नवी इमारत बांधायची तर कर्जरोख्यांसाठी मतदारांचा कौल लागे, आणि मतदार नकार देत. इलिनॉयमधील व्हॅली व्ह्यू या शाळा-जिल्ह्याने १९७० मध्ये यावर ४५-१५ ची योजना आणली. तिचे गणित सुबक आहे. मुलांचे चार गट करायचे. प्रत्येक गटाला ४५ दिवस शाळा, मग १५ दिवस सुट्टी, असे वर्षातून चार फेरे. कोणत्याही दिवशी तीन गट शाळेत आणि एक घरी. म्हणजे ३०० मुलांच्या इमारतीत ४०० मुले मावतात, एक वीटही न रचता.

पण ४५ ला ४ ने गुणा. उत्तर १८० येते. बारमाही म्हटलेल्या या शाळेत मूल जाते तितकेच दिवस, जितके पारंपरिक शाळेत जाते. इमारत बारा महिने राबते; मूल नाही. आजही अमेरिकेत ज्यांना बारमाही शाळा म्हणतात त्यांपैकी बहुतेकांत फक्त मोठी सुट्टी तोडून लहान लहान सुट्ट्यांत वाटलेली असते. या वादात उतरणाऱ्या कित्येकांना हे ठाऊकच नसते.

लॉस एंजेलिसमध्ये हीच युक्ती टोकाला गेली. १९८० आणि १९९० च्या दशकांत शहराच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागांतील शाळा स्थलांतरितांच्या मुलांनी ओसंडून वाहत होत्या. तिथे ‘कॉन्सेप्ट सिक्स’ नावाची पद्धत लागू झाली. मुलांचे तीन गट, त्यांतले दोन शाळेत, एक बाहेर. इमारतीची क्षमता दीडपट झाली, पण तीन गट एका वर्षात बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला १८० ऐवजी १६३ दिवसच आले. रोजचा वेळ थोडा वाढवून कायद्याने ठरवलेले तास भरून काढले जात. तरी दिवस १७ ने कमी. बारा वर्षे असे चालले तर ते २०४ दिवस होतात, पूर्ण शालेय वर्षाहून अधिक. काही मुलांची मोठी सुट्टी महत्त्वाच्या परीक्षांच्या ऐन तोंडावर येई. आणि ही पद्धत ज्या शाळांत होती तिथली मुले प्रामुख्याने लॅटिनो आणि गरीब घरांतली होती. सुखवस्तू वस्त्यांतल्या शाळा जून-ऑगस्टची सुट्टी निवांत घेत होत्या.

कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांच्या वतीने १७ मे २००० रोजी ‘विल्यम्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ हा दावा दाखल झाला. तारीख निवडलेली दिसते. १७ मे १९५४ रोजीच सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. पाठ्यपुस्तके, पात्र शिक्षक आणि धड इमारती यांसोबत कॉन्सेप्ट सिक्सचाही मुद्दा या दाव्यात होता. २००४ मध्ये तडजोड झाली आणि २०१२ पर्यंत ही पद्धत संपवण्याचे ठरले. उपाय अगदी साधा होता : नव्या शाळा बांधणे. लॉस एंजेलिसने त्यानंतर शंभराहून अधिक बांधल्या.

‘पण लांब सुट्टीत मुले शिकलेले विसरतात, त्याचे काय?’ हा प्रश्न धाग्याखाली येणारच, म्हणून इथेच घेतो. १९८२ पासून बाल्टिमोरमध्ये डोरिस एन्टविसल आणि कार्ल अलेक्झांडर या समाजशास्त्रज्ञांनी पहिलीतल्या मुलांचा एक गट वर्षानुवर्षे अभ्यासला. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू मुले जवळजवळ सारख्या वेगाने पुढे जातात, अंतर पडते ते उन्हाळ्यात, असे त्यांना दिसले. त्यांनी नळाची उपमा दिली : शाळेचा नळ सर्वांसाठी वाहतो, तो बंद झाला की ज्याच्या घरी पाणी आहे त्याचेच भागते. १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून सरासरी एक महिन्याची घसरण मांडली. अलीकडच्या, अधिक चांगल्या चाचण्यांतून मात्र हे निष्कर्ष सगळीकडे तसेच निघत नाहीत. आणि पॉल फॉन हिप्पेल यांनी दोन्ही प्रकारच्या शाळांतील मुलांची पूर्ण बारा महिन्यांची प्रगती ताडून पाहिली, तेव्हा फरक जवळजवळ आढळला नाही. बारमाही शाळेतली मुले उन्हाळ्यात पुढे जातात, पण उरलेल्या वर्षात तितकीच मागे राहतात. दिवस तेवढेच असतील तर दुसरे काय होणार?

मग जुनी सुट्टी टिकली कशाच्या बळावर? शेतकऱ्याच्या तर नाहीच. व्हर्जिनियात १९८६ मध्ये कायदा झाला की शाळा सप्टेंबरातल्या कामगार दिनानंतरच उघडाव्यात. लोक त्याला ‘किंग्ज डोमिनियन कायदा’ म्हणत. किंग्ज डोमिनियन हे तिथले एक मोठे मनोरंजन उद्यान. पाळणे चालवायला शाळकरी कामगार हवेत आणि पाळण्यात बसायला शाळकरी गिऱ्हाईक हवे, असा तो दुहेरी हिशेब. मिशिगननेही २००५ मध्ये पर्यटनाकडे पाहून तसाच कायदा केला. मुलांचे श्रम आणि सुट्टी यांची सांगड घालणारा पुरावा शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो, शेतात नाही.

हा धागा अमेरिकेचा आहे, तरी आपल्याकडची एक नोंद इथे जोडायला हवी, कारण अमेरिकन सुधारक शालेय वर्ष एकसारखे करत होते त्याच काळात हा प्रश्न आपल्याकडेही सरकारदरबारी आला होता. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेले निवेदन इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते : सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च होतो. त्याच आयोगाच्या प्राथमिक शिक्षणविषयक शिफारशींत एक कलम आहे, ज्याकडे फारसे कुणी वळत नाही. शाळेच्या वेळा आणि शाळा बंद ठेवण्याचे हंगाम यांबाबत शक्य तितकी लवचीकता असावी, विशेषतः शेतकरी खेड्यांत आणि मागास भागांत, असे ते कलम सांगते. अमेरिकेतल्या खेड्याने जे न सांगता केले होते आणि नंतर गमावले, तेच इथे कागदावर लिहून ठेवले गेले.

आज महाराष्ट्रात हवामानापुरती ही लवचीकता आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा उघडतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. कामाच्या हंगामाचे तसे नाही. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले जूनमध्ये शाळेत येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात आणि मुलेही त्यांच्यासोबत कारखान्याच्या तळावर जातात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली; काही चालली, काही बंद पडली. नुसत्या तारखा सरकवून पाच-सहा महिन्यांचे स्थलांतर भरून निघणार नाही, हेही खरे. पण वेळापत्रक समोर ठेवून पाहिले तर दिसते ते असे : गळीत हंगाम संपवून ही मुले मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, तोवर वार्षिक परीक्षा आलेली असते किंवा होऊन गेलेली असते, आणि त्यानंतर दीड महिना शाळा बंद असते.